बांधणे आणि बांधील असणे

मराठीत घर ‘बांधतात’. हिंदी भाषक ते ‘बनवतात’. आपण फेटा बांधतो, शिदोरी बांधतो, गोठ्यात बैल बांधतो, मनाशी अंदाज बांधतो आणि त्याच क्रियापदाने घर, पूल, धरण, विहीरही बांधतो. संस्कृतातल्या ‘बन्ध्’ धातूचा मूळ अर्थ आवळणे, गाठ मारणे. घराच्या बाबतीत तो एके काळी शब्दशः खरा होता. कारवीचा किंवा बांबूच्या कामट्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर वासे आणि पेंढा. हे सगळे एकमेकांना धरून राही ते काथ्याच्या नाहीतर वाखाच्या गाठींमुळे. पुढे दगड आला, वीट आली, सिमेंट आले, पण क्रियापद बदलले नाही. स्लॅब ओतण्यापूर्वी सळयांच्या जाळीवर बसून तारेने गाठी मारणारा फिटर आजही ‘स्टील बांधतो’. ज्या तारेने बांधतो तिला साइटवर ‘बाइंडिंग वायर’ म्हणतात, आणि इंग्रजीतला तो ‘बाइंड’ आपल्या ‘बन्ध्’चा सगोत्रच आहे.

‘सेतू’ या शब्दाच्या पोटातही बांधणेच आहे. ‘सि’ म्हणजे बांधणे, त्यापासून सेतू. वाकाटक राजा प्रवरसेन याच्या नावावर असलेल्या महाराष्ट्री प्राकृतातल्या महाकाव्याचे नाव ‘सेतुबंध’. त्या एका नावात बांधणे दोनदा आले आहे.

याच धातूपासून मराठीने आणखी एक कुळ वाढवले: बंधन, बांधिलकी, बांधील. जो बांधतो तो बांधील असतो, हे भाषेने फार पूर्वी एका घरात नांदवून ठेवले. कायद्याला तिथे पोचायला वेळ लागला, आणि घर घेणारा व घर बांधणारा यांच्यातले आजचे बहुतेक खटले या दोन शब्दांमधल्या अंतरात अडकलेले आहेत. त्या खटल्यांच्या कागदांवरचे शब्द मला म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. ते कुठून आले हे पाहिले की कोणता शब्द कोणाला बांधतो ते नीट दिसते.

सुरुवात एका परक्या शब्दापासून करतो, कारण गाठीची कल्पना त्याने सर्वांत उघडपणे कायद्यात नेली. हा शब्द म्हणजे ‘लीन’. आपल्याकडे बँकेच्या खातेदाराला तो अलीकडे ओळखीचा झाला आहे. खात्यातली रक्कम दिसते पण काढता येत नाही, तेव्हा ‘लीन लागले आहे’ असे उत्तर मिळते. नम्र या अर्थाच्या आपल्या ‘लीन’शी त्याचा काही संबंध नाही. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनच्या ‘लिगारे’ या क्रियापदापासून. लिगारे म्हणजे बांधणे. लीन म्हणजे बंध, दावे. दुसऱ्याच्या मालमत्तेला आपल्या येण्यापोटी बांधलेले दावे.

अमेरिकेत हे दावे घराला बांधायची मुभा कारागिरांना मिळाली ती 1791 मध्ये. वॉशिंग्टन हे नवे राजधानीचे शहर उभे राहायचे होते आणि उधारीवर राबायला गवंडी-सुतार तयार होईनात. थॉमस जेफरसन आणि जेम्स मॅडिसन यांच्या आग्रहाने मेरीलँडच्या विधिमंडळाने कायदा केला: ज्याने घरावर हात चालवला त्याची मजुरी मिळेपर्यंत ते घर त्या मजुरीला बांधलेले राहील. याला ‘मेकॅनिक्स लीन’ म्हणतात. आपल्या कानाला मेकॅनिक म्हटले की गॅरेज आठवते. त्या काळी मात्र हाताने काम करणारा कोणताही कारागीर मेकॅनिक होता. पुढे एकेक राज्याने असा कायदा केला; कॅलिफोर्नियाने तर हा हक्क आपल्या राज्यघटनेतच लिहून ठेवला.

कल्पना न्याय्य आहे, पण गाठ कोणाच्या गळ्यात पडते ते पाहावे लागते. घरमालक मुख्य कंत्राटदाराला सगळे पैसे देतो. कंत्राटदार छप्परवाल्याला किंवा लाकूडवाल्याला देत नाही. तो लाकूडवाला लीन नोंदवतो ते कंत्राटदाराच्या घरावर नव्हे, तर ज्या घरात त्याचे लाकूड गेले त्या घरावर. मालकाला घर विकता येत नाही, नवे कर्ज मिळत नाही, आणि अनेक राज्यांत त्याच कामाचे पैसे दुसऱ्यांदा मोजायची वेळ येते. त्यात काम निकृष्ट निघाले असेल तर दोन खटले एकमेकांत गुंततात: कंत्राटदार म्हणतो पैसे थकले, मालक म्हणतो छप्पर गळते म्हणून थांबवले. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने यावर तोड काढली आहे. मालकाने प्रत्येक बिलातले 10 टक्के कायद्यानेच राखून ठेवायचे आणि लीन नोंदवण्याची मुदत टळली की मगच सोडायचे. कॅलिफोर्नियात किंवा टोरांटोत घर वाढवून घेणारी मराठी कुटुंबे आता शेवटचा चेक देण्याआधी प्रत्येक पोटकंत्राटदाराकडून लीन सोडल्याचा कागद मागून घ्यायला शिकली आहेत.

मराठी विधिशब्दावलीने लीनला ‘धारणाधिकार’ म्हटले. सरकारी नोकरांना हा शब्द पाठ असतो; दुसऱ्या खात्यात गेले तरी मूळ पदावरचा धारणाधिकार शाबूत राहतो. शब्द चांगला आहे. मात्र त्यात गाठ नाही, मूठ आहे. ‘धृ’ म्हणजे धरणे. आणि हा फरक आपल्या कायद्याशी जुळतोही. 1872 च्या भारतीय करार कायद्यातला धारणाधिकार हातात असलेली वस्तू न सोडण्याचा आहे. कायद्यातच उदाहरण दिले आहे: हिरा पैलू पाडायला दिला, तर मजुरी मिळेपर्यंत जव्हेऱ्याने तो अडवून ठेवावा. शिंप्याचेही उदाहरण आहे. त्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल तर कोट अडवता येणार नाही. हिरा मुठीत मावतो, कोट खुंटीवर राहतो. घर मुठीत मावत नाही. अमेरिकेतल्यासारखा घराला दावे बांधण्याचा कायदेशीर हक्क आपल्या गवंड्याला नाही. पैसे थकले तर दिवाणी दावा, करारात कलम असेल तर लवाद, आणि दाव्याला मुदत तीन वर्षांची. व्यवहारात तो करतो ते वेगळे: काम अर्धवट टाकतो, सेंट्रिंगच्या प्लेटा उचलून नेतो, किल्ली देत नाही. मग गवंड्याचे बिल ‘अडकते’ आणि मालकाचे घर ‘लटकते’. दोरीची भाषा इथेही सुटत नाही.

या गवंड्याला आणि त्याला कामाला लावणाऱ्याला महाराष्ट्रात जागोजागी वेगळी नावे आहेत, आणि ती इतिहासाचा नकाशा काढतात. ‘कंत्राट’ हा पोर्तुगीज ‘कोंत्रातु’. गोवा, वसई, मुंबई असा किनाऱ्याने तो आत आला. ‘मेस्त्री’ही पोर्तुगीजच, मूळ अर्थ उस्ताद. मराठवाड्यात कंत्राटदाराला ‘गुत्तेदार’ म्हणतात; तो ‘गुत्ता’ तेलुगू-कानडी शेजाराचा. ‘मक्ता’ अरबी आहे आणि त्याचा मक्तेदार पुढे मक्तेदारीपर्यंत पोचला. ‘बिल्डर’ सर्वांत धाकटा. तो गवंडीही नाही, मेस्त्रीही नाही, कंत्राटदारही नाही. तो जागा मिळवतो, पैसा गोळा करतो, परवानग्या आणतो आणि सदनिका विकतो. कायद्याने त्याला ओळखले आणि नेमके नाव दिले: ‘प्रवर्तक’. सुरू करणारा, चालना देणारा. बोलण्यात हा शब्द कधी आला नाही, पण तक्रारअर्जात तोच लिहावा लागतो.

प्रवर्तकाला बांधून घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न 1963 चा. घरांची टंचाई होती, माणसे तोंडी शब्दावर पैसे देत होती, आणि त्यातून होणारे गैरप्रकार सरकारच्या नजरेस आल्याचे त्या कायद्याच्या उद्देशिकेतच म्हटले आहे. महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा हा अधिनियम वकिलांच्या आणि सोसायट्यांच्या तोंडी ‘मोफा’ म्हणून रुळला. करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या 20 टक्क्यांहून जास्त घ्यायचे नाहीत, असे त्याने सांगितले. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, ती मर्यादा 10 टक्क्यांवर आणली.

ही पहिली रक्कम म्हणजे आपला ‘इसार’. काही भागांत ‘विसार’. याच्याआधीचा संस्कृत शब्द मला विशेष आवडतो: ‘सत्यंकार’. सत्य करणारा. व्यवहार खरा ठरवणारी रक्कम. पाणिनीने या शब्दाच्या घडणीसाठी सूत्रात जागा ठेवली आहे, आणि याज्ञवल्क्य स्मृतीत नियम आहे की सत्यंकार म्हणून घेतलेले द्रव्य परत करायची वेळ आली तर दुप्पट द्यावे. पैसे घेऊन शब्द फिरवणारा विक्रेता त्या काळीही होता, हे या नियमावरून उघड आहे. आज रेराखाली वेळेवर ताबा न देणाऱ्या प्रवर्तकाने व्याजासह पैसे परत करायचे असतात. महाराष्ट्रात व्याजाचा दर स्टेट बँकेच्या कर्जदरावर 2 टक्के असा ठरला आहे. दुप्पट नाही, पण इसाराला पुन्हा थोडे सत्यंकाराचे बळ आले.

इसारानंतर ‘साठेखत’. यातले ‘साठे’ मुळात ‘साटे’, म्हणजे सौदा, देवघेव. ‘साटेलोटे’मध्ये तेच आहे. ‘खत’ अरबी, मूळ अर्थ रेघ, मग लिखाण, मग दस्तऐवज. साठेखत म्हणजे विकण्याचे वचन, आणि खरेदीखत म्हणजे प्रत्यक्ष विक्री. हा भेद न कळल्याने माणसे आयुष्यभर साठेखतालाच मालकी समजतात. ‘करार’ही अरबी. त्याचा अर्थ स्थिरावणे, ठाव मिळणे. हिंदी गाण्यांतला ‘बेकरार’ म्हणजे ज्याला हा ठाव नाही तो. बिल्डरांचे करारनामे बराच काळ एकाच बाजूला ठाव देणारे होते. ग्राहकाचा हप्ता चुकला तर जबर व्याज, प्रवर्तकाचा ताबा चुकला तर किरकोळ भरपाई. अशा एकतर्फी कलमांनी ग्राहक बांधला जात नाही, ती अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले.

बँक मधे येते तेव्हा शब्द आणखी जड होतात. ‘गहाण’ हा संस्कृत ‘ग्रहण’: पकडणे. सूर्याला लागते ते ग्रहण आणि जमिनीला पडते ते गहाण एकाच शब्दाची दोन रूपे. ‘तारण’ मात्र ‘तृ’पासून, तरून नेणारे. एकाच व्यवहाराला कर्जदाराच्या बाजूने गहाण आणि सावकाराच्या बाजूने तारण म्हणायचे, यात भाषेने दोन्ही पक्षांची मनःस्थिती अचूक टिपली आहे. सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात हे सगळे ‘बोजा’ म्हणून येते. बोजा चढतो आणि बोजा उतरतो. जमीन हमालासारखी उभी असते. प्रवर्तकाने सदनिकेचा विक्री-करार केल्यावर तीच सदनिका बँकेकडे टाकली, तरी त्या बोज्याने खरेदीदाराच्या हक्काला धक्का लागत नाही, असे रेराचे अकरावे कलम सांगते. उलट मालमत्ता हस्तांतरण कायद्यात फार पूर्वीपासून एक शांत तरतूद आहे: ताबा मिळण्यापूर्वी खरेदीदाराने दिलेल्या पैशांचा ‘भार’ त्या मालमत्तेवर राहतो. म्हणजे भारतातही घराला एक गाठ आहे. ती गवंड्याच्या हाती नाही, खरेदीदाराच्या हाती आहे. फार थोड्या खरेदीदारांना ती ठाऊक असते.

आता ‘ताबा’. ‘ताबा मिळाला’ हे वाक्य मराठी मध्यमवर्गाने जितक्या आनंदाने उच्चारले असेल तितके क्वचितच दुसरे. अरबीतला ‘ताबि’ म्हणजे मागे चालणारा, अधीन. आपला ‘ताबेदार’ तिथलाच. वस्तू आपल्या अधीन झाली की ती ताब्यात. ‘कब्जा’त नुसती पकड आहे, तलवारीच्या मुठीलाही कब्जा म्हणत, हिंदीत दाराच्या बिजागरीलाही म्हणतात. कब्जा बळाने घेता येतो, ताबा रीतसर दिला-घेतला जातो, असा एक सूक्ष्म भेद मराठीने मधे रुजवला.

पण किल्ली हाती आली म्हणजे राहण्याचा हक्क आला असे नाही. त्याला लागते ‘भोगवटा प्रमाणपत्र’. ‘भुज्’ धातूत उपभोगणे आहे आणि सोसणेही. ‘भोग भोगणे’ हे आपण दुःखाबद्दल म्हणतो. जमीनमहसुलातला ‘भोगवटादार’ म्हणजे जमीन कसून तिचे फळ खाणारा. तोच शब्द पालिकेने इमारतींना लावला. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली, आगीची आणि पाण्याची सोय झाली, आता माणसांनी राहावे, असा या प्रमाणपत्राचा अर्थ. ते नसले की त्याच शब्दाचा दुसरा अर्थ रहिवाशांच्या वाट्याला येतो.

मुंबईतल्या समृद्धी या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे प्रकरण यासाठी वाचण्यासारखे आहे. सभासद 1997 पासून राहायला येऊ लागले. भोगवटा प्रमाणपत्र नव्हते. त्यामुळे पालिका मालमत्ता कर 25 टक्के जास्त आणि पाणीपट्टी 50 टक्के जास्त आकारत राहिली. ग्राहक आयोगाने प्रमाणपत्र आणून द्यायचा आदेश दिला, तोही पाळला गेला नाही. संस्थेने जादा भरलेल्या पैशांसाठी पुन्हा दाद मागितली, तेव्हा राष्ट्रीय आयोगाने मुदत उलटल्याचे म्हटले. जानेवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवले. प्रमाणपत्र न देणे ही एका दिवशी घडून संपलेली चूक नाही, ते मिळेपर्यंत ती रोज नव्याने घडते, म्हणून मुदत संपत नाही. ताबा 1997 चा आणि हा न्याय 2022 चा. मधल्या 25 वर्षांत किती सभासदांनी फ्लॅट विकले असतील, किती जण गेले असतील! भोगवटा हा शब्द इतका नेमका भोगलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

कागदावरचे हे शब्द असे फारसी-अरबी-संस्कृत दरबारातले. घरातल्या दोषांचे शब्द मात्र बहुतेक घरचेच आहेत. ‘ओल’ हा संस्कृत ‘आर्द्र’चा, प्राकृतात ‘ओल्ल’ होऊन आलेला. ‘गळती’ ‘गल्’पासून. ‘तडा’त तडकण्याचा आवाज आहे. ‘पोपडा’ हाताला लागतो. फरशीवर काठी आपटून ‘पोकळ वाजते’ म्हणणारी गृहिणी आणि तेच सांगणारा इंजिनिअर यांच्या निदानात काही फरक नाही. ‘गिलावा’ मात्र बाहेरून आला. फारसीत ‘गिल’ म्हणजे चिखल आणि ‘आब’ म्हणजे पाणी. सिमेंटचा झाला तरी त्याच्या नावात माती आणि पाणी आहे, आणि पहिल्या पावसात ते पाणी परत दिसते.

या शब्दांना कायद्यात जागा उशिरा मिळाली. मोफाखाली ताबा दिल्यापासून तीन वर्षांत बांधकामातला किंवा मालातला दोष कळवला तर तो प्रवर्तकाने विनामूल्य दुरुस्त करायचा होता. रेराच्या चौदाव्या कलमाने मुदत पाच वर्षे केली आणि दोषाची व्याख्या रुंदावली: संरचनेतला दोष, शिवाय कारागिरी, दर्जा आणि सेवांची तरतूद यांतला कोणताही दोष. 30 दिवसांत दुरुस्ती, नाहीतर नुकसानभरपाई. हे ‘कारागिरी’ फार मोलाचे आहे. खांब-तुळई शाबूत असेल आणि बाथरूमच्या भिंतीतून शेजाऱ्याच्या कपाटात पाणी जात असेल, तर पूर्वी ‘हा संरचनेचा दोष नव्हे’ म्हणून हात झटकता येत. आता ओलही कायद्याच्या कानावर जाते. तिला नाव मात्र द्यावे लागते: कोणत्या खोलीत, कोणत्या भिंतीला, कोणत्या तारखेपासून. ‘घर खराब आहे’ या वाक्याला कोणतेही प्राधिकरण काही करू शकत नाही. ‘पूर्वेकडच्या बाह्यभिंतीच्या गिलाव्याला आडवे तडे, आतून रंगाचे पोपडे’ या वाक्याला उत्तर द्यावे लागते.

‘वास्तुदोष’ या चांगल्या शब्दाची यात फार ओढाताण झाली. ‘वस्’ म्हणजे राहणे, म्हणून वास्तू. तिचा दोष म्हणजे खरे तर राहण्यात येणारा दोष. आज हा शब्द स्वयंपाकघराच्या दिशेपुरता उरला आहे. तो परत मिळवून गळक्या स्लॅबला लावावा, असे मला मनापासून वाटते. ‘संरचनात्मक दोष’ जिभेवर बसत नाही. वास्तुदोष आजीलाही कळतो.

स्वतःच्या भूखंडावर गुत्तेदाराकडून बंगला बांधून घेणाऱ्याला रेरा उपयोगी पडत नाही. त्याचा रस्ता ग्राहक आयोगाचा. लखनौ विकास प्राधिकरणाच्या 1993 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने घरबांधणीला ‘सेवा’ ठरवले आणि त्याच वर्षी ग्राहक कायद्याच्या व्याख्येतही गृहबांधणी आली. सेवा म्हटली की तिच्यातली त्रुटी आली आणि भरपाईही आली.

‘तक्रार’ या शब्दाचा अरबी अर्थ आहे पुनरावृत्ती. तेच ते पुन्हा सांगणे. साइट ऑफिसात सांगणे, फोनवर सांगणे, मेल करणे, नोंदणीकृत टपालाने पाठवणे. समृद्धीच्या सभासदांनी केली ती शब्दाच्या मूळ अर्थाने तक्रार. ‘फिर्याद’ फारसी आहे, मदतीची आरोळी. ‘दाद’ही फारसी, अर्थ न्याय, गाण्याला देतो ती दाद आणि न्यायालयात मागतो ती दाद एकच. महाराष्ट्राच्या रेरा प्राधिकरणाने, म्हणजे महारेराने, 2018 पासून ‘सलोखा मंच’ही चालवला आहे, तिथे ग्राहकांचे आणि विकासकांचे प्रतिनिधी एकत्र बसून वाद मिटवू पाहतात. जिथे दोष किरकोळ आणि प्रवर्तकाची नियत बरी, तिथे तो मार्ग लवकर पोचवतो.

जमिनीच्या मालकीचा शेवटचा शब्द ‘अभिहस्तांतरण’, म्हणजे ती मालकी रीतसर गृहनिर्माण संस्थेला लिहून देणे. मोफाच्या नियमांप्रमाणे संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत तिच्या नावे व्हायचे ते अनेक ठिकाणी दशकानुदशके झाले नाही, कारण वाढीव चटई क्षेत्राचा लोभ जमिनीत शिल्लक होता. 2008 च्या दुरुस्तीने वाट काढली: प्रवर्तक सही करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे जा, ते झाले असे मानले जाईल. याला नाव दिले ‘मानीव अभिहस्तांतरण’. कोरीव, घडीव, रेखीव, ऐकीव यांच्या पंगतीतला हा ‘मानीव’ शुद्ध मराठी आहे आणि इतक्या जड संस्कृत शब्दाला सहज ओढून नेतो. मराठी विधिभाषेने घडवलेल्या उत्तम शब्दांत मी त्याला धरतो.

निकाल लागल्यानंतरही पैसा हाती येतोच असे नाही. प्रवर्तकाने दिला नाही तर महारेरा वसुलीचे अधिपत्र जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवते आणि ती रक्कम जमीनमहसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. प्रवर्तकाच्या जमिनीवर बोजा चढतो. आणि अपिलात जायचे असेल तर रेराच्या त्रेचाळिसाव्या कलमाप्रमाणे खरेदीदाराला द्यायची पूर्ण रक्कम, व्याज आणि भरपाईसकट, आधी अपिलीय न्यायाधिकरणात ‘अनामत’ ठेवावी लागते. त्याशिवाय अपील ऐकले जात नाही. ही अट जाचक आहे असे विकासकांनी सर्वोच्च न्यायालयात मांडले. नोव्हेंबर 2021 मध्ये न्यायालयाने ती कायम ठेवली. ‘अनामत’ अरबी ‘अमानत’चा, आणि ‘इमान’ही त्याच मुळाचे. आपल्या फ्लॅटच्या गळतीसाठी किंवा न मिळालेल्या ताब्यासाठी निकाल हाती असलेल्या खरेदीदाराने, प्रवर्तकाने अपील केल्याची नोटीस आली की पहिला प्रश्न हाच विचारावा: अनामत भरली का?